जोडफोटोतली मोकळी जागा

फोटो काढून घ्यायचा म्हणजे कसं उभं राहायचं, हे आमच्या मोखाड्याच्या लोकांना शिकवावं लागत नाही. कॅमेरा दिसला की माणूस आधी घरात जातो. तोंड धुतो, केसांना पाणी लावतो, ठेवणीतला सदरा काढतो आणि मग बाहेर येऊन ताठ उभा राहतो. हात मांड्यांना लावलेले, नजर सरळ भिंगात, चेहऱ्यावर हसू नाही. हसा म्हटलं तर हसण्यासारखं काय झालं, असं विचारतो. बाहेरून येणाऱ्या फोटोवाल्यांना याचा फार त्रास होतो. त्यांना सहज फोटो हवे असतात. सहज म्हणजे बाईने डोक्यावर हंडा घेऊन चालावं आणि आपल्याला कुणी टिपतंय याचा तिला पत्ता नसावा.

मला मात्र हे ताठ उभं राहणं आवडतं. माझं पोटच त्यावर चालतं. बाजारपेठेत माझा लहानसा स्टुडिओ आहे. आत निळा पडदा, एक स्टूल, भिंतीला आरसा, आरशाखाली कंगवा आणि पावडरचा डबा. लग्नं, शाळेची ओळखपत्रं, बोहाड्याच्या जत्रेतली मुखवट्यांची सोंगं, सगळं मी काढतो. पण माझं नाव आहे ते जोडफोटोसाठी. नवरा-बायकोने एकत्र फोटो काढायची पद्धत आमच्या पाड्यांवर आत्ता आत्ता आली. जुन्या जोडप्यातलं एक माणूस गेलं की दुसरं माझ्याकडे येतं, गेलेल्याचं आधार कार्ड घेऊन. मी कार्डावरचा चेहरा मोठा करतो, त्याला कोट चढवतो, जिवंत माणसाला पडद्यापुढे उभं करतो आणि कॉम्प्युटरवर दोघांना शेजारी आणतो. बायको नवऱ्याच्या डाव्या हाताला, लग्नात पाटावर बसते तशी. जन्मात कोट न घातलेली कितीतरी माणसं मी कोट घालून भिंतीवर पाठवली आहेत.

स्टुडिओबरोबर तेव्हा मी एका पेपरला बातमीचे फोटोही पाठवायचो. टँकरपुढची रांग, रस्त्याखालची वाहून गेलेली मोरी, दौऱ्यावर आलेले पाहुणे आणि त्यांच्यामागे धावणारे आमचे लोक. कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा संपादकांचा सारखा फोन यायला लागला. शहरातल्या स्मशानांचे फोटो सगळेच छापतायत, ते म्हणाले, आता आपल्याला आदिवासी भागाचा चेहरा पाहिजे. डोळे पाहिजेत. डोळ्यांत पाणी पाहिजे.

"आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी टँकरने येतं," मी म्हणालो. "मिळालं तर पाठवतो."

ते हसले नाहीत. मीही विनोद करायच्या मनःस्थितीत नव्हतो. वीटभट्ट्यांवरून माणसं परत आली होती आणि पाड्यापाड्यात ताप होता. लोक घाबरलेले होते, पण तापाला कमी आणि दवाखान्याला जास्त. तिकडे गेलेला माणूस परत येत नाही, असं सगळीकडे पसरलं होतं. सरकारी गाडीचा आवाज आला की धडधाकट माणसं रानात पळायची आणि आजारी माणसं अंधाऱ्या कोपऱ्यात गोधडीखाली लपायची. शहाणी माणसं त्यांना अडाणी म्हणत होती. मला तसं कधी म्हणवलं नाही. तोंड झाकलेली, पायापर्यंत पांढरे कपडे चढवलेली माणसं तुमच्या आईला उचलायला आली, तर तुम्ही तरी काय कराल?

त्या दिवसांत लोक एकाच गाडीत बसायचे. खोडाळ्याच्या पुढच्या एका पाड्यावर एक जीपवाला होता, त्याच्या. एरवी त्याची जीप खोडाळा, मोखाडा, जव्हार अशी पळायची. माणसं आत, माणसं टपावर, माणसं मागच्या फळीवर लोंबकळत. टाळेबंदीत धंदा बसला तेव्हा त्याने मधली सीट काढून टाकली, तिथे गोधडी अंथरली आणि तापाची माणसं उचलून जव्हारच्या दवाखान्यात न्यायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं. लोक बसायचे, कारण जीप ओळखीची होती. तिच्यातून ते बाजाराला गेले होते, वऱ्हाडाला गेले होते, पोरींना बाळंतपणाला घेऊन गेले होते. त्या गाडीत बसलेला माणूस परत येतो, हे त्यांना ठाऊक होतं.

मी त्याच्या शेजारी बसून फिरायचो. आडव्या हाडाचा, रुंद खांद्यांचा माणूस. स्टिअरिंगच्या मागे मावायचा नाही, म्हणून उजवं कोपर कायम खिडकीबाहेर. तोंडाला बायकोच्या जुन्या लुगड्याची पट्टी.

"भाऊ, फोटू काढ, पन दरवाजा धरून बस," तो म्हणायचा. "तूच पडलास तर तुझा फोटू कोन काढंल?"

त्याचा फोटो मात्र तो काढू द्यायचा नाही. मी कॅमेरा वळवला की खाली उतरायचा. "माझा काहाला? गाडीचा काढ. लोक गाडीला वळखतात." आणि गाडीचाही असा तसा नाही. आधी ओढ्यावर नेऊन जीप धुवायचा, काच फडक्याने पुसायचा, पुढची लिंबू-मिरची सरळ करायचा, आणि मग फ्रेमच्या बाहेर जाऊन उभा राहायचा. माणसाने तोंड धुवून यावं तसं त्याने जीपला तोंड धुवायला लावलं होतं. माझ्याकडे त्या जीपचे कितीतरी फोटो आहेत. एकातही तो नाही. एकात फक्त कोपर आहे.

त्याची बायको आश्रमशाळेत स्वयंपाक करायची. शाळा बंद झाली आणि त्याच वर्गांत आजाऱ्यांच्या खाटा लागल्या, तेव्हा ती आजाऱ्यांसाठी शिजवायला लागली. भात, डाळ, आणि मागितली तर नागलीची पेज. ताटं खाली जमिनीवर सरकवून ठेवा असं तिला सांगितलं होतं. ती खाटेपाशी जाऊन हातात द्यायची. कुत्र्याला टाकतात तसा घास मी कुणाला देणार नाही, असं तिने वरच्या साहेबाला तोंडावर सांगितलं होतं. नवरा माणसं आणत होता, बायको त्यांना जेवू घालत होती. त्या उन्हाळ्यात आमच्या भागात जे काही उभं होतं ते अशा माणसांच्या जिवावर.

करवंदं पिकली तेव्हा त्यालाच ताप भरला. उन्हाने असंल, म्हणाला. मग दम लागायला लागला. जीप अंगणात उभी होती, किल्ली खिळ्याला लटकत होती, आणि अख्ख्या पाड्यात जीप चालवणारा तो एकटाच. फोनला रेंज हवी तर टेकडी चढावी लागते. कुणीतरी धावत गेलं, फोन लागला, दवाखान्याची गाडी निघालीसुद्धा. ती घाट चढून येईपर्यंत तो गेला. ज्याने सगळ्या खोऱ्याला दवाखान्यात पोचवलं, त्याला पोचवायला कुणी नव्हतं. हे मला आजही सहन होत नाही, आणि होऊही नये असंच वाटतं. त्याची कोरोनाची तपासणी झाली नव्हती. म्हणून तो नुसत्या तापाने गेला असं ठरलं.

मला कळलं तेव्हा त्याची माती होऊन गेली होती. दुपारी पाड्यावर पोचलो. ती अंगणात जीपच्या चाकाला टेकून बसली होती, तोंडात पदराचा बोळा, आणि सगळं अंग हलत होतं. मी लांब होतो. माझ्या हाताने सवयीने काम केलं, कॅमेरा डोळ्याला गेला आणि फोटो निघाला. चांगला निघाला होता. धुळीने भरलेलं चाक, तिची मुठीत आवळलेली बोटं, डोळ्यांतलं पाणी, जे जे फोनवर मागितलं होतं ते सगळं त्यात होतं.

मग तिने मला पाहिलं.

"भाऊ, थांब," ती म्हणाली. "असा नको काढू. अजून तोंड पन धुतला नाय."

ती आत गेली. मी अंगणात उभा राहिलो. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा अंगावर ठेवणीतलं जांभळं लुगडं होतं, केस चापून विंचरलेले होते, कपाळ मोकळं होतं. जीपपाशी येऊन ती ताठ उभी राहिली, हात खाली सोडून, नजर भिंगात. पण उभी राहिली ती एका कडेला. चालकाच्या दरवाजापुढची सगळी जागा मोकळी.

"वहिनी, जरा मध्ये या."

"बरी हाय मी अठं."

"डावीकडे फार मोकळं दिसतंय."

"ती त्याची जागा हाय," ती म्हणाली. "तू जोड करतोस ना? मग त्याला तठं हुभा कर. मी माझ्या जागंवर हाय."

जोडफोटो माझा धंदा, आणि मला हे कळलं नव्हतं. मी नेहमी जिवंत माणसाला मध्ये घेतो आणि मग गेलेल्यासाठी त्याला बाजूला सरकवतो. तिने मला सरकवायचं काम ठेवलंच नाही. मी फोटो काढला. काढताना मला भिंगातून नीट दिसत नव्हतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तोच फोटो मी पेपरला पाठवला. संध्याकाळी फोन आला.

"हे काय? ही बाई पासपोर्टसाठी उभी आहे का?"

"नाही. नवऱ्याच्या शेजारी उभी आहे."

"नवरा कुठे आहे?"

"गेला. म्हणून तर जागा आहे."

ते म्हणाले, कल्पना छान आहे, पण वाचकाला कळणार नाही. डावी बाजू कापावी लागेल. कापली तरी चेहरा कोरडा आहे. हिचा नवरा गेलाय असं वाटत नाही. दुसरा एखादा नाही का?

नवरा गेलाय असं वाटत नाही, या शब्दांनी माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणालो, दुसरा आहे. पण देणार नाही. ती नको म्हणाली.

"तिला कळणार आहे का? तिच्या पाड्यावर पेपर येतो तरी?"

"येतो," मी म्हणालो. "भजी बांधून येतो. बाजारातून तिच्या हातात तिचाच रडका चेहरा येणार, तेलाने भिजलेला. तो मी पाठवणार नाही."

ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मग शांतपणे जे सांगितलं ते खोटं नव्हतं. रडणारी बाई पहिल्या पानावर आली तर तुमच्या भागाकडे कुणीतरी बघेल, ऑक्सिजन येईल, गाड्या येतील. कडेला ताठ उभ्या राहिलेल्या बाईसाठी कोण काय पाठवणार? हा मुद्दा मी पुष्कळ दिवस चघळला. शहरात चितांचे जे फोटो निघाले त्यांनी झोपलेल्यांना जागं केलं, हे मला मान्य आहे. ते काढणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पण माझ्यापुढे जी बाई होती ती बोलत होती. कसं दिसायचं ते तिने ठरवलं होतं. रडून दाखवल्याशिवाय ऑक्सिजन मिळत नसेल, तर त्यात तिच्या चेहऱ्याचा काही दोष नाही. तिने गयावया करावी अशी ज्यांची अपेक्षा, त्यांनी आधी तिच्या हातची पेज पिऊन बघावी.

"छापायचा तर असाच छापा," मी म्हणालो. "जागेसकट."

त्यांनी छापला नाही. नंतर त्यांचे फोन आले नाहीत आणि मीही केले नाहीत. पहिल्या पानावर माझं नाव येता येता राहिलं. तो दुसरा फोटो मी पुसून टाकला.

भाताची आवणी उरकल्यावर, बाजार पुन्हा भरायला लागला तेव्हा, ती स्टुडिओत आली. बरोबर त्याचं आधार कार्ड आणलं होतं. मी चेहरा मोठा केला. कार्डावरचे फोटो कसे असतात ते सगळ्यांना माहीत आहे, घाबरलेले आणि फुगलेले. मी तो चेहरा उजळला, त्याला कोट चढवला आणि तिच्या शेजारी उभा केला. तिने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बराच वेळ बघितलं.

"हा कोन पावना?" ती म्हणाली.

मलाही हसू आलं, आणि मग आम्ही दोघं हसलो. कोट काढला, साधा सदरा घातला. तरी तो तिला ओळखीचा वाटेना. मी माझे सगळे जुने फोटो उघडले. जीप घाटात, जीप ओढ्यावर, जीप बाजारात. तो कुठेच नव्हता. शेवटी ते कोपर सापडलं, खिडकीबाहेर आलेलं, उन्हाने काळं झालेलं. तिने पडद्यावर त्या कोपराला बोट लावलं.

"हा हाय तो," ती म्हणाली.

पण कोपराचा जोडफोटो होत नाही. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग राहू दे. नाय बसत तर नाय बसत. जागा तेवढी कापू नको." मी तो फोटो तसाच मोठा करून चौकटीत घालून दिला. एका कडेला ती, बाकी सगळं मोकळं. तिच्या घरात तो दारासमोरच्या भिंतीवर आहे. येणारा विचारतो, आणि ती सांगते.

लाट ओसरल्यावर एका मंडळाने मोखाड्यात कोरोना योद्ध्यांचा सत्कार ठेवला. आशाताई, नर्सबाई, गाड्यांवरचे चालक, आणि आश्रमशाळेतल्या स्वयंपाकीणबाई म्हणून तीही. फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं. कार्यक्रमाच्या आधी ती मंडळाच्या माणसाला भेटली होती. आमच्या माणसाचं नाव पण घ्या, म्हणाली होती. तो गोड बोलणारा माणूस. त्याने समजावून सांगितलं की ते खाजगी वाहन होतं, नेमणूक नव्हती, आणि शिवाय ते तापाने गेले. वाईट वाटलं, म्हणाला.

हे तिने मला स्टुडिओत येऊन सांगितलं. मी म्हणालो, मग जाऊ नका.

"काहाला नाय जायचा? बोलावलाय तर जाईन. लुगडा काढून ठेवलाय."

ती आली. तेच जांभळं लुगडं. सभागृह पाड्यांवरच्या माणसांनी भरलं होतं. त्यातले किती जण त्या गोधडीवर झोपून जव्हारला गेले होते ते मला चेहऱ्यांवरून कळत होतं, कारण मी त्यांच्या पुढच्या सीटवर होतो. पाहुणे बाहेरून आलेले. त्यांनी भाषणात सांगितलं की तुमच्या या डोंगरात तुम्ही कोरोनाला शिरूच दिलं नाही. टाळ्या झाल्या, पण पुढच्या दोन रांगांतच. मागचे लोक मांडीवर हात ठेवून गप्प बसले होते.

शाली झाल्या, नारळ झाले. मग सगळ्यांचा एकत्र फोटो. पाहुणे मधल्या खुर्चीवर, मंडळाची माणसं दोन्हीकडे, मागे सत्कार झालेले उभे. ती सगळ्यांत शेवटी चढली आणि रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तिच्या आणि रांगेच्या मधे एका माणसाची जागा मोकळी.

"बाई, सरका," मंडळाचा माणूस म्हणाला. "जवळ या."

"बरी हाय अठं."

"मधे मोकळं दिसतंय हो."

"मोकळा नाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण मागच्या रांगेपर्यंत गेला. "आमचा मानूस हुभा हाय."

पाहुण्यांनी शेजारच्याला हळूच काहीतरी विचारलं, त्याने मान हलवली. मग त्या मोकळ्या जागेच्या अलीकडे उभ्या असलेल्या आशाताईने तिच्याकडे पाहिलं आणि ती स्वतः आणखी थोडी सरकली. तिने त्याला पाहिलेलं होतं. त्याचे खांदे रुंद होते, तेवढ्या जागेत तो मावला नसता.

मंडळाचा माणूस माझ्याकडे वळला. स्टेजवर कुणाचंही चालू दे, फोटोच्या वेळी शब्द फोटोवाल्याचा असतो. मी सांगितलं असतं मध्ये या, तर सगळे तिच्याकडे बघत बसले असते, तिला सरकावं लागलं असतं. ती माझ्याकडेच बघत होती, सरळ भिंगात.

"फ्रेम बरोबर आहे," मी म्हणालो. "कुणी हलू नका."

आणि काढला.

फोटो न्यायला मंडळाचा माणूस स्टुडिओत आला. त्याने तो हातात धरून पाहिला आणि नेहमीसारखं गोड बोलला. ही शेवटची बाई जरा आत सरकवून द्या. कॉम्प्युटरवर तुम्हाला येतंच हे, गेलेल्यांना शेजारी आणून बसवता तुम्ही. मधलं मोकळं वाईट दिसतं.

"येतं," मी म्हणालो. "पण मग त्याला कुठे उभं करू?"

फोटो पिशवीत घालून तो निघून गेला. पाहुणे त्यात झकास आले होते, त्यामुळे न लावून मंडळाला भागत नव्हतं. मंडळाच्या मोखाड्यातल्या कार्यालयात तो दारासमोरच लावलाय. बाजारच्या दिवशी पाड्यावरची माणसं कामाला येतात, फोटोपुढे थांबतात आणि मुद्दाम विचारतात, मधे कोन ऱ्हायला हो? आणि मंडळाच्या माणसाला सांगावं लागतं.